चारशे पत्रिकांवरचं बी.ए.

मामंजींनी तो फॉर्म माझ्या पुढ्यात ठेवला तेव्हा मी पोह्यांत मीठ घालत होते. फॉर्मवर नजर गेली आणि मीठ दुसऱ्यांदा पडलं. ते खारट पोहे सगळ्यांनी मुकाट खाल्ले, कारण त्या सकाळी घरात आनंदीआनंद होता.

“पदवीधर मतदारसंघ!” मामंजी म्हणाले. “म्हणजे फक्त ग्रॅज्युएट माणसांनी मत द्यायचं. आपल्या अख्ख्या आळीत तीन जण निघाले. वकीलसाहेब, हायस्कूलचे हेडसर आणि तू. बायकांत तर तू एकटीच! सर्टिफिकेटची नक्कल जोडायची आहे. कुठं ठेवलंयस ते?”

“बघते,” मी म्हणाले.

“आज शनिवार. मंगळवारी संध्याकाळी पाटणे गुरुजी फॉर्म न्यायला येणार आहेत. तोवर काढून ठेव.”

मी काढणार काय, कपाळ! सर्टिफिकेट नव्हतंच. कारण मी ग्रॅज्युएटच नव्हते.

आज या गोष्टीला पस्तीस वर्षं होऊन गेली, म्हणून एवढं धडधडीत सांगते. तेव्हा हे वाक्य मनातल्या मनात म्हणायचीसुद्धा मला भीती वाटायची.

झालं होतं असं. माझे सासरे, हरिभाऊ खटावकर, यांचा वडूजला छापखाना. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत छापायच्या अक्षरांचे खिळे ठेवायच्या केसी आणि पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, मागं आमचा संसार. स्वतः सातवी पास, पण छापलेल्या अक्षरावर त्यांची देवावर असावी तेवढी श्रद्धा. लग्न ठरलं तेव्हा लग्नपत्रिकेचे खिळे अर्थातच त्यांनी स्वतः जुळवले. माझ्या वडलांना त्यांनी विचारलं, “मुलीच्या नावापुढं काय घालू?” वडील म्हणाले, “बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दिलीय. निकाल जूनमध्ये.” लग्न होतं मेच्या वीस तारखेला. मामंजी म्हणाले, “जून काय, लग्नापासून पंधरा दिवसांवर! घालतो बी.ए.” आणि घातलं. त्या काळी सगळेच तसं करायचे. मेमधल्या पत्रिकांवर जेवढे बी.ए., बी.कॉम. असत, त्यातले जूनमध्ये किती उरत, ते त्यांच्या त्यांनाच ठाऊक.

माझं नाही उरलं. सक्तीच्या इंग्रजीत मी गेले. वडील उंब्रजहून आंब्यांची करंडी घेऊन आले आणि ओसरीवर माझ्या कानाशी म्हणाले, “बाळ, एक विषय राहिला. तू काही बोलू नकोस, योग्य वेळ बघून मीच सांगतो.” तेवढ्यात मामंजी बाहेर आले.

“काय, लागला का निकाल?”

“लागला,” मी म्हणाले.

बास. पास झालीस का, असं त्यांनी विचारलंच नाही. पत्रिकेवर छापलेलं होतं, मग विचारायचं कशाला? तासाभरात पेढे आले. वडलांनीही एक घेतला, खाली मान घालून खाल्ला आणि दुपारच्या गाडीनं गेले. त्यांची ती योग्य वेळ काही आली नाही.

त्यानंतरची पाच वर्षं मी तो शब्द रोज ऐकला. गिऱ्हाईक छापखान्यात टेकलं की मामंजींचं सुरू. “आमची सून ग्रॅज्युएट.” चहा आला की “घ्या, ग्रॅज्युएट सुनेच्या हातचा चहा.” भाजी करपली तर “ग्रॅज्युएट माणसाचं लक्ष पुस्तकात असायचंच.” बरं, नुसतं कौतुक करून थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण हायस्कूलचे परीक्षेचे पेपर आमच्याकडे छापायला यायचे, त्यातल्या इंग्रजी पेपरांची प्रुफं त्यांनी माझ्याकडं सोपवली. घरात ग्रॅज्युएट असताना बाहेर कशाला जायचं! इंग्रजीत नापास झालेली मी, डिक्शनरी मांडीवर घेऊन दहावीचा इंग्रजीचा पेपर तपासत बसायची. एकेक शब्द तीनतीनदा बघायची.

आमच्या ह्यांना मी पहिल्याच दिवाळीत सांगितलं होतं. हे फलटणला नोकरीला, रविवारी घरी यायचे. ऐकून पोट धरून हसले आणि म्हणाले, “अण्णांना सांगू नकोस. जेवण सोडतील.” मामंजींना हे अण्णा म्हणत. फॉर्म आल्यावरच्या त्या रविवारीही त्यांनी तसाच सोपा उपाय काढला.

“हरवलं म्हण.”

मी जाऊन म्हणाले, “मामंजी, सर्टिफिकेट हरवलंय.”

“हरवलं?” मामंजींनी हातातली खिळ्यांची ओळ खाली ठेवली. “अगं, एवढी मोठी गोष्ट, हरवते कशी? असू दे. दुसरं मिळत असणार. उद्या सहाच्या गाडीनं आपण कोल्हापूरला विद्यापीठात जाऊ.”

“तुम्ही कशाला दगदग करता? मी आणि हे…”

“त्याला सुट्टी नाही. आणि मला विद्यापीठ बघायचंय. सून तिथली ग्रॅज्युएट, आणि मी अजून ती इमारत बघितली नाही, म्हणजे काय!”

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

सोमवारी मामंजी पांढरी टोपी, ठेवणीतला कोट घालून तयार. कराडपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा त्यांनी मला भुईमुगाच्या शेंगा दिल्या. दुसऱ्यांदा खिडकीबाहेर बोट करून कुणाच्या तरी मळ्यातला ऊस दाखवला. तिसऱ्यांदा ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, “सुनेचं सर्टिफिकेट आणायला चाललोय. ग्रॅज्युएट आहे. इंग्रजी प्रुफं तीच बघते, आजवर एक चूक नाही.” तो माणूस माझ्याकडं इतक्या आदरानं बघायला लागला की मला गाडीतून उडी टाकावीशी वाटली.

विद्यापीठाची मोठी इमारत बघून मामंजींनी हात जोडले, अगदी देवळापुढं जोडतात तसे. विचारत विचारत आम्ही परीक्षा विभागाच्या खिडकीशी गेलो. खिडकीत चष्मा लावलेला एक मध्यमवयीन कारकून होता. मी काही बोलायच्या आत मामंजींनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं आणि आत सरकवलं.

“हे काय?”

“लग्नपत्रिका. पुरावा म्हणून आणलीय. ओरिजिनल सर्टिफिकेट गहाळ झालंय.”

कारकुनानं पत्रिका उलटून बघितली. गणपती बघितला, माझं नाव बघितलं, त्यापुढचं बी.ए. बघितलं.

“आजोबा, पत्रिकेवर काय, कुणीही काहीही छापतं.”

“कुणीही नाही,” मामंजींचा आवाज चढला. “मी छापलीय. सदतीस वर्षं छापखाना चालवतोय मी. आजवर खोटं अक्षर मशीनवर चढवलं नाही. कुणालाही विचारा वडूजमध्ये!”

रांगेतली पोरं हसायला लागली. कारकून मात्र हसला नाही. त्यानं पत्रिका जपून परत दिली आणि मला म्हणाला, “ताई, तुमचं साल आणि बैठक क्रमांक सांगा. रजिस्टरला बघतो.”

मला बैठक क्रमांक तोंडपाठ होता. अजूनही आहे. पण तो सांगितला असता तर त्यानं रजिस्टर काढून सगळ्या रांगेदेखत वाचून दाखवलं असतं, आणि मामंजी आत्ताच काय बोलून बसले होते!

“मामंजी,” मी म्हणाले, “जरा बाहेर या.”

“अगं, नंबर सांग की त्यांना.”

“आधी बाहेर या. पाया पडते तुमच्या.”

बाहेर झाडाखाली दगडी कट्टा होता. ते बसले, मी उभीच राहिले. बसून सांगायची हिंमत नव्हती.

“मी पास झालेली नाही. इंग्रजी राहिलं माझं. सर्टिफिकेट हरवलं नाही, ते मिळालंच नव्हतं.”

मामंजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “किती पडले?”

“एकतीस.”

“पास व्हायला किती लागतात?”

“पस्तीस.”

“चार मार्क,” ते म्हणाले. मग एकदम भडकलेच. “पेढे वाटले मी! दोन किलो! तुला विचारलं होतं, निकाल लागला का म्हणून!”

“लागला का, एवढंच विचारलंत. पास झालीस का, ते नाही विचारलंत.”

“वा गं वा! म्हणजे चूक माझी?”

“नाही हो. माझीच. त्याच दिवशी बोलायला हवं होतं. तुम्ही एवढे खूश झालात… मला वाटलं, दोन दिवसांनी सांगू. दोन दिवसांनी ते आणखी अवघड झालं. मग रोजच अवघड होत गेलं.” आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेचना. पाच वर्षांचं साठलेलं होतं. येणारीजाणारी पोरं बघत होती, बघू देत म्हटलं.

मामंजींनी रडू दिलं मला. नंतर विचारलं, “हायस्कूलचे इंग्रजी पेपर पाच वर्षं तूच तपासलेस ना?”

“हो.”

“आणि एकाही पेपरात चूक निघाली नाही.”

“भीतीनं तपासायचे हो. चूक निघाली असती तर तुम्हाला कळलं असतं ना!”

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही. हातातली पत्रिका उघडून ते त्या दोन अक्षरांकडं बघत बसले.

“शैलजा, हँडबिलात चूक झाली तर दुसरं काढता येतं,” ते म्हणाले. “पत्रिकेचं तसं नाही. चारशे घरांत गेली ही. लोकांनी देवाजवळ ठेवली, कपाटात ठेवली. आता ती मला परत गोळा करता येत नाही, आणि त्यातला मजकूर बदलता येत नाही.” त्यांनी टोपी घातली आणि उठले. “तेव्हा आता तूच बदललं पाहिजेस. चल, त्या भल्या माणसाला विचारू, कसं करायचं ते.”

मी डोळे पुसत त्यांच्या मागून गेले. मामंजी खिडकीत वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, “साहेब, एक विषय राहिलाय तिचा. ग्रॅज्युएट कधी म्हणता येईल?”

कारकुनानं चष्मा वर केला. “शेवटचा विषय सुटेल त्या दिवशी. त्याच्या आधी एक दिवससुद्धा नाही. पण आजोबा, फक्त एकच विषय द्यायचाय, बाकीचे सुटलेले तसेच राहतात. ऑक्टोबरला बसू देत ना! फॉर्म त्यांच्या कॉलेजातून भरायचा. कुठलं कॉलेज?”

“कराड,” मी म्हणाले.

“मग वाटेतच आहे की तुमच्या.”

परतताना आम्ही कराडला उतरलो. कॉलेज बंद व्हायला अर्धा तास होता. मी फॉर्म भरत होते तेव्हा मामंजी व्हरांड्यात बाकावर बसून होते. गाडीत बसल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, “घरी आणि पाटणे गुरुजींशी मी बोलतो. तू मध्ये तोंड घालायचं नाहीस.”

मंगळवारी संध्याकाळी गुरुजी आले. उमेदवाराचा प्रचार करणारे रिटायर्ड मास्तर, हातात फॉर्मांचा गठ्ठा. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या; त्यांना मामंजींनी अजून काही सांगितलं नव्हतं. मी छापखान्याच्या दारात उभी होते.

“काय हरिभाऊ, सूनबाईंचा फॉर्म?”

मामंजी केसीतले खिळे उगाचच वरखाली करायला लागले. “त्याचं असं झालं गुरुजी… सर्टिफिकेट कोल्हापुरातच आहे. तिकडं छपाई तुंबलीय म्हणे. महिनाभर लागेल.”

त्यांचे कान लालबुंद झाले होते. खोटं बोलायची सवयच नव्हती हो त्यांना! वाक्य संपवताना माणूस घामानं भिजला होता. कालच त्या खिडकीपुढं सदतीस वर्षांचा दाखला देणारा माणूस, आणि आज माझ्यापायी हे.

गुरुजी मात्र खूश झाले. “अहो, मग काय बिघडलं? तुमच्या घरावर कोण शंका घेणार? सर्टिफिकेट सवडीनं द्या. सूनबाई, तुम्ही फक्त इथं सही करा. ‘मी पदवीधर आहे’ एवढं लिहिलंय, त्याच्या खाली. बाकी आमच्या साहेबांवर सोडा.”

त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं. मी मामंजींकडं बघितलं. ते मान वर करेनात. नको म्हणावं तर घराची अब्रू जाणार, हो म्हणावं तर लेखी खोटं, आणि तेही सुनेच्या हातून. तो म्हातारा माणूस दोन्हींच्या मध्ये अडकून पडला होता आणि अडकवलं होतं मी.

“गुरुजी,” मी म्हणाले, “मी ग्रॅज्युएट नाही.”

गुरुजी हसले. “चेष्टा करताय होय!”

“चेष्टा नाही. इंग्रजीत नापास आहे. एकतीस मार्क. ऑक्टोबरला परत बसणार आहे, काल फॉर्म भरलाय. मामंजींना कालपर्यंत माहीत नव्हतं, ते आत्ता माझ्यासाठी खोटं बोलले. ते मनावर घेऊ नका.”

मागं कपबशा वाजल्या. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. गुरुजींनी चहा कसाबसा प्यायला, फॉर्म उचलला आणि “बरंय मग, येतो” म्हणून गेले. दोन तासांत सगळ्या आळीला कळणार, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

सासूबाई मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या. “म्हंजे पाच वर्सं मी बायकांत मिरवलं ते फुकटच?”

“हो आत्याबाई.”

“हळदीकुंकवाला प्रत्येकीला सांगत व्हते, माझी सून गॅजुएट, गॅजुएट. त्या समोरच्या कुलकर्णीणबाईला तर दारात गाठून सांगितलं. आता तोंड कसं दावू?”

“अगं, चार मार्कांनी…” मामंजी मध्ये पडले.

“तुम्ही गप बसा! निकाल लागायच्या आधी छापायला कुणी सांगितलं हुतं?” मामंजी खरोखरच गप्प बसले. सासूबाई थोडा वेळ नुसत्या धुसफुसत राहिल्या. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, “परीक्षा कवा म्हणालीस?”

“ऑक्टोबरात.”

“मग उद्यापास्नं दुपारची माडीवर जायचं. श्रावणातलं आलंगेलं, सणवार, सगळं माझं मी बघीन. खाली दिसलीस तर बघ! मला त्या कुलकर्णीणबाईला परत गाठायचंय.”

पुढचे चार महिने सोपे नव्हते. पिठाच्या गिरणीत बायका मला मुद्दाम ‘या, ग्रॅज्युएट’ म्हणायच्या. वकिलांची बायको तर पत्रिका शोधून काढून सगळ्यांना दाखवत होती. तोंडावर हसायचे लोक. पण खरं सांगू? मला झोप लागायला लागली. आता उघडं पडायचं काही शिल्लकच नव्हतं. माडीवर पुस्तक उघडलं तेव्हा तर मी चाटच पडले. जे धडे कॉलेजात डोक्यावरून जायचे ते आता सरळ वाचता येत होते. पाच वर्षं भीतीनं तपासलेली प्रुफं कुठंतरी मुरली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

एक गोष्ट मात्र जाणवायची. मामंजींनी तो शब्द टाकला होता. गिऱ्हाईक यायचं, चहा यायचा, मामंजी नुसतं “घ्या चहा” म्हणायचे. ज्या शब्दाचा मला पाच वर्षं जाच झाला तो घरातून गेल्यावर घर अगदी मुकं वाटायला लागलं. एकदा मुद्दाम भाजी करपवली, तरी मामंजी काही बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

परीक्षा झाली. निकाल डिसेंबरात लागला. हे फलटणहून कराडला वाकडी वाट करून गेले आणि शनिवारी संध्याकाळी मार्कलिस्ट घेऊन आले. इंग्रजीत अठ्ठावन्न. मामंजींनी तो कागद दिव्याखाली धरून, प्रूफ वाचतात तसा, वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. “बरोबर आहे,” म्हणाले आणि माझ्या हातात दिला. या वेळी पेढे सासूबाईंनी वाटले, आणि सगळ्यात आधी कुठं नेले ते सांगायला नको.

सोमवारी सकाळी मायणीहून एक थोराड शेतकरी मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायला आला. मी जुळवलेल्या खिळ्यांच्या फर्म्यावरची शाई पुसत होते. त्यानं माझ्याकडं बघितलं.

“ही सूनबाई का तुमची? छापखान्याचं काम बी करती? शिकल्याली दिसती.”

“हो,” मामंजी म्हणाले.

“किती शिकलीय?”

जुन्या सवयीनं मामंजींचं तोंड उघडलं. सहा महिने दाबून ठेवलेला शब्द अगदी ओठावर आलेला मला दिसला. पण त्यांनी तोंड मिटलं, चष्मा काढला आणि माझ्याकडं हात केला.

“तिलाच विचारा. तिचं तिनं सांगायचं.”

मी इतकी वर्षं तो शब्द ऐकला होता, पण स्वतःबद्दल एकदाही उच्चारला नव्हता. मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

“ग्रॅज्युएट आहे,” मी म्हणाले.

“काय?” शेतकऱ्याला कमी ऐकू येत असावं. त्यानं कानामागं हात धरला.

“ग्रॅज्युएट!” मी ओरडलेच. “मी बी.ए. झालेय. ग्रॅज्युएट आहे मी!”

मामंजी तोंड फिरवून उगाचच मशीनकडं बघायला लागले. आणि आत स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “अगं, आणखी मोठ्यांदा सांग! कुलकर्णीणबाईचं दार लावलेलं हाय!”